भोंग्याची पाठ

मी लिंबावर होतो, भोंगा माझ्या मांडीवर होता आणि खाली मारुतीच्या ओसरीत नामदेव आबा गळ्यात वीणा घालून उभे होते. त्यांचा पहारा कधीच संपला होता. पुढचा माणूस आला नव्हता.

आता तुम्ही मनात म्हणाल, दुष्काळाचं साल, गावात सप्ताह, त्यात म्हातारा वीणेकरी. म्हणजे शेवटी पाऊस पडणार आणि सांगणारा रडणार. तर पाऊस पडत नाही, आधीच सांगून ठेवतो. त्या दिवशी आभाळात ढग सोडा, घारसुद्धा नव्हती. आणि मी काही रडलो नाही, कारण भोंगा मांडीवर असताना डोळे पुसायला हात मोकळा राहत नाही. देव प्रसन्न होईल म्हणाल, तर देवाचं मला ठाऊक नाही. भामाकाकू झाल्या प्रसन्न, त्याही उशिरा.

मी बबन. शेवगावात हमीदचाचांच्या साउंड सर्व्हिसमध्ये ऑपरेटर आहे. ऑपरेटर म्हणजे ऑपरेशन करणारा, असं आमच्या आईनं अख्ख्या आळीत सांगून ठेवलंय, त्यामुळे अजून अधूनमधून कुणीतरी मला गळू दाखवायला येतं. काम तसं सोपं आहे. माईक म्हणजे कान. अँप्लिफायर म्हणजे पोट, आवाज तिथं जाऊन खातोपितो आणि जाड होतो. हॉर्न, म्हणजे गावाच्या भाषेत भोंगा, ते तोंड. आणि बॅटरी म्हणजे जीव. आंबेटाकळीला लाईट नाही, त्यामुळे सगळा जीव बॅटरीत.

चाचा लग्नाला जातात, उरुसाला जातात, नाताळात चर्चला जातात, आणि सप्ताह असला की नमाज उरकून भोंगे बांधायला लिंबावर मला चढवतात. त्यांचा नियम एकच. पहिल्याच दिवशी सांगितला होता. "देख बबन्या, तुला नकला येतात हे साऱ्या शेवगावला माहीत आहे. दुकानात कर, एष्टीत कर, माझ्या पाठीमागं माझी कर. माईकवर नाही. माईक आपला नाही. ज्याचा कार्यक्रम, त्याचा माईक."

मी हो म्हटलं होतं. चाचांच्याच आवाजात म्हटलं, म्हणून एक टप्पल खाल्ली होती.

सप्ताह तुम्हाला ठाऊकच आहे, पण वीणेचं सांगतो. सप्ताह बसला की वीणा खाली टेकवायची नाही. सात दिवस ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. प्रत्येक घराण्याला, प्रत्येक वस्तीला आपला पहारा वाटून दिलेला असतो. आंबेटाकळीत दुपारचा पहारा ओढ्यापलीकडच्या माळवस्तीचा. ऐन उन्हाचा पहारा, कुणी हौसेनं मागणार नाही असा. पण त्यांच्या आज्यापणज्यापासून तो त्यांचाच. वस्ती आली की वीणा घेणार, बायका भाकरीच्या टोपल्या उतरवणार, मग गाव आणि वस्ती एका पंगतीला बसणार. त्या साली भाकरी रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची होती, घशात अडकायची, पण पंगत तीच.

आणि सप्ताहाचं आवतन कुणाला द्यायचं नसतं. भोंगा वाजला की तेच आवतन. ज्याच्या अंगणात आवाज गेला, तो आला.

दुष्काळात आवाज फार लांब जातो. हे मला त्या सालात कळलं. मोटेची कुरकूर नाही, पाखरं नाहीत, पीकच नाही तर सळसळ कुठली. बोललेलं कशाला अडकतच नाही. सकाळी मी ओसरीतून "हॅलो, हॅलो" म्हणायचो, तर ते हॅलो ओढा उतरून, माळ चढून, पलीकडच्या टेकडीला हात लावून परत यायचं. परत येईपर्यंत ते माझ्यापेक्षा शहाणं झालेलं असायचं. दुपारी तर ऊन असं हलायचं की देऊळ, लिंब, माणसं सगळी पाण्यात उभी असल्यासारखी दिसायची. पाणी नव्हतं तेवढंच. अशा वेळी कीर्तन ऐकताना अर्धा गाव पेंगायचा, आणि पेंगता पेंगताच बरोबर जागी "हरी" म्हणायचा.

तर गडबड झाली ती शिट्टीनं.

दर साली ओढ्याच्या काठाला पाल्याचा मांडव पडायचा. त्या साली झाडाला पाला राहिला नव्हता, जो होता तो जनावरांच्या पोटात. म्हणून कमिटीनं ठरवलं, कीर्तन देवळापुढं लिंबाच्या सावलीतच करायचं. एक भोंगा वेशीवर गावाकडं तोंड करून, दुसरा लिंबावर माळवस्तीकडं तोंड करून. आणि लिंबाखाली, त्याच्या बरोबर पुढं, माईक.

आमच्या धंद्यात हे म्हणजे कानाशी तोंड लावून ओरडणं. भोंग्यातून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा भोंग्यात जातो, पुन्हा माईकमध्ये. आवाज स्वतःचीच शेपटी धरायला फिरतो आणि त्याची शिट्टी होते. पहिल्या दिवशी बुवांनी "देवा" म्हटलं की भोंगा "कुंईंईं" म्हणायचा. गावातली सगळी कुत्री कीर्तनाला आली.

चाचा म्हणाले, "बुवांना ओसरीत उभं करा. भोंग्याच्या मागं. शिट्टी बंद होईल."

कमिटीचे तात्या म्हणाले, "बुवा सावलीत माणसांच्या मधी पायजेत. ओसरीत कोंडून ठिवता का त्यान्ला?"

मग चाचांनी दुसरा उपाय केला. लिंबावरचा भोंगा फिरवला. त्याचं तोंड खळ्याकडं, जिथं कुणीच राहत नाही. शिट्टी बंद. बुवा खूश, तात्या खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी एक बॅटरी सायकलला बांधली आणि चार्जिंगला शेवगावला निघाले. जाताना बोट दाखवून म्हणाले, "एकच बॅटरी ठेवलीय. संध्याकाळच्या कीर्तनाला पुरली पाहिजे. दुपारी चालू करायची नाही. भोंग्याला हात लावायचा नाही. आणि माईकवर..."

"नक्कल न्हाई," मी म्हटलं.

आदल्या दुपारी माळवस्तीवरनं एकटे रंगनाथदादा आले होते. वस्तीतले वडीलधारे, दरवर्षी वीणा घेणारे तेच. पहारा दिला, वीणा परत केली, पंगतीला न बसता गेले. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्या दुपारी तेही आले नाहीत.

आणि ओसरीत नामदेव आबा उभे. आबांचा पहारा दुपारच्या आधीचा. अंगानं काटकुळे, पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते, पण बोटं तारेवर चालूच. "रामकृष्ण हरी" म्हणताना डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपले. जवळ गेलो तर मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "आली का रं वस्ती?"

गावातला एक गडी पुढं झाला. "आना आबा, मी धरतो."

"तुजा पहारा सांजचा," आबा म्हणाले. "हा वस्तीचा हाय. आज तू धरलास तर उद्या बी तूच धरशील. परवा ती म्हनतील, आमचा पहारा व्हताच कुठं? मग वस्ती तुटली म्हन."

"आवं पन तुमी पडाल."

"पडंपत्तुर उभा हाय."

मी तात्यांकडं गेलो. तात्या लिंबाला टेकून मिशी चावत होते. मनातून घाबरलेले, वरून कडक.

"तात्या, कुणीतरी जाऊन बोलवा ना त्यांना."

"कुनी जायाचं? मी? सप्ता म्हंजी काय लगीन हाय, अक्षता घिऊन दारात जायाला? असं बोलवाय गेलो तर उद्या गावातलं घर अन् घर म्हनंल, आमाला बी बोलवा. आवाज जातोय नव्हं? मग या म्हनावं."

मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी निघालो. ओढा कोरडा ठाक. मधोमध वाळूत झिरा खणलेला, म्हणजे हातभर खड्डा, त्यात पाणी पाझरायची वाट बघायची. तिथं भामाकाकू बसल्या होत्या, रंगनाथदादांच्या घरच्या. करवंटीनं घागरीत पाणी भरत होत्या. आख्ख्या माळवस्तीत त्यांच्याइतका खणखणीत आवाज दुसरा नाही. दोन साल मी तो गळ्यात साठवून ठेवला होता.

"काय काकू, आज वस्ती आली नाही?"

वर न बघता म्हणाल्या, "कुठं यायाचं?"

"सप्ताहाला."

"तुमचा सप्ता तिकडं खळ्यात हाय म्हनं. भोंगा तिकडंच वराडतोय."

"अहो, शिट्टी येत होती, म्हणून फिरवला."

"शिट्टी आली म्हनून पाठ फिरिवत्यात व्हय? आमचं ल्योक रातभर घोरतंय, त्याला काय दावनीला बांधू?" आता त्यांनी वर बघितलं. "एकडाव आमच्या अंगनात उभा ऱ्हा आन् बघ काय दिसतंय. भोंग्याचं बूड दिसतंय. कालधरनं देवाच्या नावानं बूड बघतोय आमी."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"मांडव होता तवा आमच्या काठाला होता. तो गेला तिकडं. आता भोंगा बी फिरला. पानी न्हाई, पीक न्हाई, समदं खरं. पन गावानं तोंड तरी आमच्याकडं ठिवावं का न्हाई? पोरं म्हनत्यात, फुडल्या साली आपला सप्ता आपन मांडू. वीना बी नवी आनू." करवंटी वाळूत घासली, पाणी गढूळ झालं, पुन्हा बसायची वाट बघत बसल्या. "आबा उभं हाईत का अजून?"

"हायत."

घागर अर्धीच उचलून निघाल्या.

मी पळत आलो आणि तात्यांना सगळं सांगितलं, बुडासकट. तात्या म्हणाले, "भोंग्याला कसली पाठ आन् कसलं तोंड! पत्र्याचा हाय तो."

ओसरीतून आबांचा आवाज आला, अगदी बारीक. "बबन, फिरव."

असा मी लिंबावर चढलो.

दोरी सोडली, भोंगा मांडीवर घेतला, ओढ्याकडं तोंड केलं. वरून बघितलं तर माळवस्ती उन्हात थरथरत होती, आठवणीत असल्यासारखी. खाली उतरलो. माईक लिंबाखाली राहिला असता तर पुन्हा कुत्री जमली असती. म्हणून जादाची वायर जोडली आणि माईक ओसरीत ओढत नेला, भोंग्याच्या मागं. चाचांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच. बटण दाबलं. शिट्टी नाही.

माईक आधी वीणेला लावला. आबांनी तार छेडली. ती टुणटुण लिंबावरून निघाली, ओढा उतरली, माळ चढली. टेकडीपलीकडं कुणीतरी दुसरी वीणा घेऊन उभं असल्यासारखी परत आली. गाव जागा झाला.

"बोल की आता," आबा म्हणाले.

बोल काय? 'माळवस्तीच्या लोकांनी यावे' म्हटलं असतं तर तो हुकूम झाला असता. 'कृपया' लावलं असतं तर तहसील कचेरीची नोटीस. शिवाय माझा स्वतःचा आवाज ऐकला की लोक आधी हसतात, मग कुणाची नक्कल चाललीय ते ओळखायला बघतात. माझ्या आवाजावर आजवर कुणी जागचं उठलेलं नाही.

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "माळवस्ती, दरसाल काय होतं, सांगू का?"

मग सांगत गेलो. दुपार होते. वस्तीवर आधी रंगनाथदादा खाकरतात. मी खाकरलो, त्यांच्यासारखा, पायरी पायरीनं वर जाणारा खाकरा. मग ते कुत्र्याला म्हणतात, "टिप्या, माघारी फिर. तू न्हाई यायाचं." टिप्या माघारी फिरतो, गोठ्याला वळसा घालतो आणि त्यांच्या आधी ओढ्यात येऊन बसतो. मग भामाकाकू टोपली घेऊन निघतात. ओढ्यात पाय पडला की, "बया बया बया, पाय भाजलं! मेलं ते पायतान घरीच ऱ्हायलं!" दरसाल पायताण घरीच राहतं. दरसाल ओढ्यात आल्यावरच आठवतं.

लिंबाखाली कुणीतरी फिसकन हसलं. मी डोळे उघडले नाहीत.

मग वस्ती वर चढते. इकडं तात्या उभे असतात. तात्या म्हणतात, आणि मी तात्यांच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "आली का वस्ती? मग मांडा ताटं. वस्तीबिगर पंगत कसली!" हे मी रचलं नव्हतं. आदल्या सालीही तात्या हेच म्हणाले होते, त्याच्या आदल्या सालीही. तात्यांच्या हे ध्यानात नव्हतं. माझ्या गळ्यात होतं.

मग भाकरीचा वास येतो. मग रंगनाथदादा ओसरीत येतात, आबांच्या पाया पडतात...

किती वेळ सांगत होतो, ठाऊक नाही. मधे मधे वीणा वाजायची, मग मी सांगायचो, मग टेकडी तेच पुन्हा सांगायची. गोष्ट पुढं सरकत नव्हती, नुसती उन्हात तरंगत होती. डोळे उघडले तेव्हा माळावर ठिपके हलत होते. उन्हात पाय नसलेले, जमिनीपासून वीतभर वर चालल्यासारखे. मला क्षणभर वाटलं, मी बोलतोय म्हणून ते दिसतायत, गप्प बसलो तर पुसले जातील. म्हणून मी बोलतच राहिलो. बॅटरीचा जीव जात चालला होता. भोंगा दमल्यासारखा बारीक बोलत होता. ठिपक्यांना पाय आले. पुढं एक कुत्रं होतं.

ओढ्यातून आवाज आला, "बया बया बया!"

हा माझा नव्हता.

भामाकाकू चढण चढून आल्या, डोक्यावर टोपली, पाय अनवाणी. थेट माझ्यासमोर. "मी काय अशी बोलती व्हय रं, मुडद्या?" बोलल्या अगदी तशाच. लिंबाखालचे सगळे असे हसले की त्यांनाही टोपली धरून हसावं लागलं. तात्या पुढं झाले. त्यांना काय म्हणायचं ते मी आधीच म्हणून ठेवलं होतं, त्यामुळे पंचाईत झाली. त्यांनी भामाकाकूंच्या डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी उतरवून घेतली. एवढंच म्हणाले, "मांडा ताटं."

रंगनाथदादा ओसरीत आले. आणि मी ऐकलं, "द्या आबा. लई येळ झाला न्हवं?" हे शेवटचं वाक्य भोंग्यातून आलं, माझ्या तोंडून आलं की त्यांच्या, हे मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात अँप्लिफायरचा दिवा विझला.

आबांनी वीणा त्यांच्या गळ्यात घातली. पाया पडायला वाकले ते वर येईनात, तेव्हा दादांनी आणि तात्यांनी दोन बाजूंनी धरून त्यांना भिंतीला बसवलं.

तिथं बसून आबा दादांना म्हणाले, "येळ न्हाई झाला रं. आत्ता तर घेतली."

दिवे लागायच्या वेळी चाचा आले. सायकलला बॅटरी बांधलेली, पण शेवगावात दिवसभर लाईट नव्हती, ती रिकामीच. आणि इथली मी संपवलेली. म्हणजे कीर्तनाला आवाज नाही. बुवा ओसरीत उभे राहिले आणि नुसत्या गळ्यानं बोलू लागले. मागच्यांना ऐकू येईना. मागचे पुढं सरकले, पुढचे आणखी पुढं. शेवटी माळवस्ती आणि गाव मांडीला मांडी लावून ओसरीच्या पायरीपर्यंत आले. भामाकाकूंच्या पदरावर तात्यांच्या सुनेचं पोर झोपलं. भोंगा लिंबावर मुका, माळवस्तीकडं तोंड करून, आणि माळवस्ती सगळी त्याच्या खाली.

कीर्तन संपल्यावर चाचांनी मला अँप्लिफायरच्या पेटीपाशी बोलावलं.

"भोंग्याला हात कुणी लावला?"

"मी. पण चाचा, त्याची पाठ..."

"माईकवर नक्कल कुणी केली?"

"मी. पण ती गोष्ट होती, आणि त्यात नकला..."

"बॅटरी कुणी मारली?"

"ती आपोआप..."

"आपोआप तेरा सर!" चाचा भडकले की अर्धे आपल्या भाषेत जातात. "गधे, अपना धंदा क्या है? लांबच्या माणसाला घरबसल्या ऐकवायचं. तू काय केलंस? लांबची माणसं उठवून मांडीला मांडी लावून बसवलीस. बघ, बिना भोंग्याचं कीर्तन ऐकून गेली, आणि खूश होऊन गेली! लोक असे जवळ बसायला लागले तर आपला भोंगा कोण बोलवील? तुझा बाप?"

मी खाली बघत राहिलो. खाली टिप्या बसला होता, त्याच्याकडं.

"आणि ऐक. उद्यापासून माईक ओसरीत. तात्याला मी सांगतो. आणि भोंगा बांधायच्या आधी त्याची पाठ कुणाकडं जाते, तिकडं जाऊन यायचं. तोंडाकडची माणसं आपल्याला दिसतात. पाठीकडची दिसत नाहीत." मग त्यांनी लिंबाकडं बघितलं. "ही काय गाठ मारलीस? वारा सुटला तर फिरेल. चढ वर."

मी चढलो. गाठ सोडून पुन्हा बांधू लागलो. बांधता बांधता वरून चाचांच्याच आवाजात म्हटलं, "गधे, अपना धंदा क्या है?"

"तोंड तिकडंच राहू दे त्याचं," चाचा खालून ओरडले, "आणि तुझं बंद कर!"